तारेच्या कुंपणापासून आश्रमशाळेपर्यंत : खानदेश, आदिवासी मुले आणि न मागितलेली माफी

वरणगावात आमच्या गच्चीवरून हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसते. मध्ये तापी, पलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या बागा आणि त्यांच्या टोकाला डोंगर. त्या डोंगरात पावरा, बारेला, भिल्ल, तडवी अशा अनेक समाजांच्या वस्त्या आहेत. लहानपणी त्या वस्त्यांविषयी आम्हांला एकच गोष्ट ठाऊक होती : तिथली मुले आश्रमशाळेत असतात. ती तिथे का असतात, घरी का नसतात, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नाही. आजचा धागा त्या न पडलेल्या प्रश्नाविषयी आहे. तो लांबला आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात दूरवरून करतो. २०२१ च्या मे महिन्यात कॅनडातील कॅमलूप्स येथील एका जुन्या निवासी शाळेच्या आवारात, जमिनीखालचा वेध घेणाऱ्या रडारच्या साहाय्याने, दोनशेच्या आसपास संभाव्य कबरी असल्याचे तिथल्या आदिवासी समाजाने जाहीर केले. त्या जागेविषयी आणि आकड्याविषयी पुढे वाद झाले. परंतु या शाळांतील मृत्यूंचा पुरावा रडारवर अवलंबून नाही. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ पर्यंत केवळ कागदपत्रांतूनच तीन हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूची नोंद शोधून काढली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. आईवडिलांपासून दूर नेणे, केस कापणे, नावे बदलणे, घरची भाषा बोलल्यास शिक्षा करणे ही तिथली रीत होती. १९२० साली कायद्यात दुरुस्ती होऊन आदिवासी मुलांची हजेरी सक्तीची झाली. त्याआधीच, १९०७ मध्ये, पीटर ब्राइस नावाच्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने क्षयाने मरणाऱ्या मुलांविषयी अहवाल दिला होता. सरकारने तो बाजूला ठेवला. ११ जून २००८ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनीही, आईवडिलांपासून तोडलेल्या आदिवासी पिढ्यांची, संसदेतच माफी मागितली होती.

कॅमलूप्सची बातमी मराठीतही पुष्कळ फिरली. तिच्याखालच्या प्रतिक्रियांचा सूर साधारण एकच होता : पाहा गोऱ्यांचे क्रौर्य. मीही त्या दिवसांत असेच काहीसे लिहिले होते. नंतर एका प्रकल्पासाठी मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार जमाती' कायद्याचा अभ्यास करताना १९२४ च्या कायद्याचे सतरावे कलम वाचनात आले आणि ते जुने लेखन आता नको वाटते.

त्या कलमाकडे येऊच. आधी एका शब्दाविषयी. कॅनडात या प्रक्रियेला जो शब्द वापरतात त्याला मराठीत कुणी समेट म्हणते, कुणी सलोखा. 'समेट' हा शब्द भांडणाऱ्या दोन बाजू साधारण समान आहेत असे गृहीत धरतो. 'सलोखा' तर आपल्याकडे शेताच्या बांधावरच्या वादाशी इतका जोडलेला आहे की महसूल खात्याने जमिनीच्या अदलाबदलीच्या योजनेलाच ते नाव दिले. एका बाजूकडे सैन्य, कायदा आणि शाळा, दुसऱ्या बाजूकडे यांतले काहीच नाही, अशा परिस्थितीत जे मिटवायचे असते त्याला मराठीत नेमका शब्द नाही. खानदेशापुरते सांगायचे तर तो कधी लागलाच नाही. येथे 'समेट' झाले, पण ते नेहमी वरून खाली आले.

पहिला समेट इंग्रजांचा. त्याची पार्श्वभूमी मात्र इंग्रजांची नव्हे, आणि इतिहासप्रेमी मराठी वाचकाला ती थोडी बोचेल. पेशवाईच्या अखेरच्या काळात, १८०३ च्या दुष्काळानंतर खानदेशात लुटालूट माजली. बंदोबस्तासाठी नेमलेल्या बाळाजी लक्ष्मण या अधिकाऱ्याने भिल्लांना बोलणी करण्याच्या निमित्ताने कोपरगावी जमा केले आणि त्यांतील बहुतेकांना पकडून विहिरींत टाकले, असे खानदेशचे जुने गॅझेटिअर सांगते. हे १८०४ च्या सुमारास घडले. गॅझेटिअर इंग्रजांनी लिहिलेले आहे आणि आपल्या आधीच्या राजवटीला काळे रंगवण्यात त्यांचा स्वार्थ होता, हे मान्य. तरीही घटना उभी राहतेच. बोलणीसाठी या असे सांगून बोलावणे आणि मग जे करायचे ते करणे, ही आठवण डोंगरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली असेल तर नवल नाही.

१८१८ नंतर खानदेश कंपनीकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी डोंगरातल्या नायकांवर सैन्य पाठवले, वाटा रोखल्या, काहींना फाशी दिले, तरी सात वर्षांत बंदोबस्त झाला नाही. तेव्हा माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, १८२५ मध्ये, धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. शरण येणाऱ्यांना माफी, जमीन, बैल-बियाण्यासाठी तगाई असे नवे सूत्र ठरले. त्याच वर्षी जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावात भिल्ल पलटण उभारली. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी भिल्लच. आउट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला जाई आणि त्यांच्यात मिसळे, या कथा इंग्रजी पुस्तकांत चवीने सांगितल्या जातात. धरणगाव-एरंडोलकडच्या वाचकांनी गावातल्या जुन्या जागांना विचारून पाहावे, त्या पलटणीच्या खुणा अजून नावांत सापडतील.

येथे 'माफी' कुणी कुणाला दिली हे पाहण्यासारखे आहे. ज्यांच्या डोंगरात सैन्य शिरले त्यांना, सैन्य घेऊन आलेल्यांनी माफ केले. आणि ही माफी अटींवर होती. सेंधवा घाटाच्या रक्षणाची जबाबदारी असलेला खाज्या नाईक हा याच व्यवस्थेतला माणूस. पुढे तो नोकरीतून गेला, तुरुंगात गेला आणि १८५७ मध्ये उठावात उतरला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे लढाई झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथेच गोळ्या घालण्यात आल्या आणि बायकामुलांना मोठ्या संख्येने कैद करून नेण्यात आले. १८२५ चा समेट तेहतीस वर्षे टिकला.

आता कायदा. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार जमाती' कायदा केला. एखाद्या समाजात जन्मणे हाच गुन्ह्याचा पुरावा, असे त्याचे तत्त्व. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून सुधारगृहांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने सारे मुंबई इलाख्यापर्यंत आले. पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांग गारुडी, भामटा असे कितीतरी समाज त्याच्या कक्षेत आले, काही भागांत भिल्लही आले. (येथे एक खुलासा करतो. आज ज्यांना 'विमुक्त' म्हणतात ते सर्व समाज अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, आणि सर्व आदिवासी या कायद्याखाली नव्हते. दोन्ही वर्तुळे एकमेकांना छेदतात, एकरूप नाहीत. पारध्यांचे उदाहरण घ्या, जिल्हा आणि तालुका बदलला की त्यांचा प्रवर्ग बदलतो.)

आणि १९२४ च्या एकत्रित कायद्यातले ते सतरावे कलम. सरकारने औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणा-शाळा काढाव्यात, आणि या जमातींची मुले आईवडिलांपासून अलग करून त्या शाळांत ठेवावीत. मूल म्हणजे सहा वर्षांच्या वर आणि अठराच्या आत. कॅनडाची सक्ती १९२० ची, आपले हे कलम १९२४ चे. दोन्ही एकाच साम्राज्यातले. शाळेकडे मुलाला घरापासून तोडण्याचे साधन म्हणून पाहण्याची ही दृष्टी त्या काळी लंडन, ओटावा आणि मुंबई इथल्या कचेऱ्यांत सारखीच होती. म्हणजे कॅमलूप्स हे 'त्यांचे' आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे म्हणण्याची सोय उरत नाही.

या कलमाचा वापर प्रत्यक्षात कुठे झाला, याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उत्तर म्हणजे सोलापूर. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत होती. मोठी माणसे गिरण्यांत कामाला, हजेरीची वेळ ठरलेली, बाहेर जायला पास. वसाहतीचे काम अमेरिकन मराठी मिशनकडे सोपवण्यात आले होते. मुलांसाठी शाळा, सुतारकाम-शिवणकाम, प्रार्थना. चांगली वर्तणूक दाखवणाऱ्यांना कुंपणाबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त राहण्याची मुभा मिळे. आज सोलापुरात जाऊन पत्ता विचारलात तर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव जसेच्या तसे ऐकू येईल. रिक्षावाला ते नाव सहज घेतो. त्या नावातल्या 'फ्री'चा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नसतो.

या व्यवस्थेचे मुंबई इलाख्यातील प्रमुख होते ओ. एच. बी. स्टार्ट नावाचे आयसीएस अधिकारी. माझ्या मते या सगळ्या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे पात्र हेच, आणि त्यांच्याविषयी मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. स्टार्ट क्रूर नव्हते. उलट कळकळीचे अधिकारी म्हणून ते ओळखले जात, आणि गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या माणसांना रोजगार आणि शिक्षण मिळाले पाहिजे असे त्यांचे प्रामाणिक मत होते. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट. सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, हेही होते.

या समितीच्या कामानिमित्तच बाबासाहेब १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये खानदेशात आले होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. तिथल्या टांगेवाल्यांनी महाराला टांग्यात बसवून हाकण्यास नकार दिला. मग टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एका माणसाने लगाम हाती घेतला, आणि वस्तीकडे जाताना मोरीवर अपघात होऊन बाबासाहेबांच्या पायाला जबर दुखापत झाली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. खानदेशातले लोक तो जातीयतेचे उदाहरण म्हणून सांगतात, ते बरोबरच आहे. मात्र ते इथे कोणत्या समितीसाठी आले होते आणि तिचा अध्यक्ष कोण होता, हा धागा सांगताना सुटतो.

समितीने १९३० मध्ये अहवाल दिला. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, सार्वजनिक शाळांत प्रवेश अशा शिफारशी त्यात होत्या. पुढे मागासवर्गांसाठी वेगळे सरकारी खाते आले. आता क्रम पाहा. ज्या अधिकाऱ्याने तारेचे कुंपण सांभाळले, त्याच्याच अध्यक्षतेखाली वसतिगृहाची कल्पना सरकारी धोरण होते. कुंपण आणि वसतिगृह एकच होते असे मी म्हणत नाही. आंबेडकरांसाठी वसतिगृह म्हणजे गावाच्या जाचातून सुटका होती, आणि ते खरेच होते. दलित विद्यार्थ्याला वसतिगृहाने जे दिले ते गाव कधीच देणार नव्हते. परंतु डोंगरातल्या भिल्ल मुलाच्या बाबतीत घर हे जाचाचे ठिकाण नव्हते. त्याच्यासाठी त्याच साधनाचा अर्थ निराळा होता, आणि सरकारी कागदावर दोघांसाठी एकच रकाना आखला गेला.

ठक्करबाप्पांनी त्याआधीच, १९२२ मध्ये, दुष्काळाच्या कामातून दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापन केले होते. पंचमहाल तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. आश्रमशाळा या कल्पनेचा उगम बहुधा तिथे. गांधीवादी शिस्त, पहाटे उठणे, सूतकताई, शेती, प्रार्थना, दारूबंदी. या कार्यकर्त्यांनी जन्म वेचले. सावकार आणि जंगल खात्याच्या शिपायांविरुद्ध ते भिल्लांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्याकडे पाहताना माझी मान आदराने खाली जाते. तरीही आश्रमाच्या दिनक्रमात भिल्ली भाषा, भिल्लांचे सण, त्यांचे देव, त्यांची वाद्ये यांना जागा किती होती, हे विचारायला हवे. 'सुधारणा' या शब्दात सुधारायचे कुणाला, हे आधीच ठरलेले असते.

चाळीसच्या दशकात हा वाद विद्वानांतही पेटला. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये आदिवासींना 'मागासलेले हिंदू' ठरवणारे पुस्तक लिहिले. व्हेरिअर एल्विन यांना आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपायचे होते. एकाला मिसळून टाकायचे, दुसऱ्याला जपून ठेवायचे. दोघांच्याही मांडणीत आदिवासी माणूस स्वतः बोलताना क्वचित दिसतो. परीक्षेत या वादावर हमखास प्रश्न येतो, म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. जास्त काही लिहीत नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कायदा गेला. कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३९ मध्ये मुंबई इलाख्यापुरता आढावा घेतला होता. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. पंडित नेहरूंनी सोलापुरात कुंपणाची तार तोडल्याची आठवण विमुक्त समाजांत आजही सांगितली जाते. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्या दिवसाला सरकारी तोंडून निघालेला खेदाचा एक शब्दही जोडलेला नाही. कायदा रद्द झाला, सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्याच्या जागी आले, आणि पोलीस ठाण्यातल्या यादीत बरीच नावे तीच राहिली. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू इदाते यांच्या आयोगाने २०१८ च्या सुमारास आपापले अहवाल दिले. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्रातले. रेणके अहवालाचे वर्ष पाहा : २००८, ज्या वर्षी ओटावात आणि कॅनबेरात माफ्या मागितल्या गेल्या. आपल्या संसदेत तसे काही घडले नाही.

आश्रमशाळा मात्र वाढल्या. १९७२-७३ पासून महाराष्ट्र सरकारने त्या मोठ्या प्रमाणावर सुरू केल्या, १९८३ मध्ये आदिवासी विकास विभाग स्वतंत्र झाला. आज राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून सुमारे हजार आश्रमशाळा आहेत. जळगाव जिल्ह्यासाठी प्रकल्प कार्यालय यावलला आहे. आमच्यासमोरच्या त्या निळ्या रांगेच्या पायथ्याशी, डोंगरकठोरा किंवा लालमातीसारख्या ठिकाणी, त्या शाळा आहेत.

या शाळा कॅनडासारख्या होत्या का? नव्हत्या, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. येथे पोलीस येऊन मूल उचलून नेत नव्हते. पालक स्वतः मूल आणून सोडत, आणि आजही सोडतात. त्यामागे कारणे आहेत : पाड्यावर शाळा नाही, असली तर शिक्षक नाही, दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातेत जाते, आणि घरी दोन वेळच्या अन्नाची खात्री नाही. आश्रमशाळेतून शिकलेले शिक्षक, तलाठी, डॉक्टर आज याच पट्ट्यात आहेत. त्यांच्यापैकी कुणाला तुम्ही 'ती शाळा म्हणजे अत्याचार होता' असे सांगायला गेलात तर तो तुम्हाला दारातूनच परत पाठवील, आणि त्याचे बरोबर असेल. परंतु पालकाने मूल सोडले म्हणजे त्याने निवड केली, हे म्हणणे अर्धे खरे आहे. ज्या राज्याने पाड्यावर शाळा दिली नाही त्याच राज्याने डोंगराखाली वसतिगृह दिले. दोनच वाटा असतील आणि त्यांतली एक बंद असेल, तर उरलेल्या वाटेने जाण्याला निवड म्हणावे का, हे तुम्हीच ठरवा.

कॅनडाशी साम्य आहे ते बारीक गोष्टींत. पावरी, बारेली, मावची, भिलोरी बोलणारे सहा वर्षांचे मूल पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीच्या पुस्तकासमोर बसते. त्याच्या भाषेला वर्गात 'अशुद्ध' ठरवण्यासाठी वेगळ्या कायद्याची गरज नसते, गुरुजींच्या एका हसण्याने ते काम होते. नावांचे पाहा. वारावरून, ऋतूवरून ठेवलेली घरची नावे हजेरीपटावर येताना 'सुधारतात'. जन्मतारखेचा रकाना तर महाराष्ट्रभरच्या जुन्या रजिस्टरांत गमतीचा : ज्याची तारीख ठाऊक नाही त्याची १ जून. ही सवय फक्त आदिवासींपुरती नव्हती, आमच्या आजोबांचा वाढदिवसही १ जूनच. पण आजोबांचे नाव कुणी बदलले नव्हते.

आणि मृत्यू. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या वाढल्यावर राज्यपालांच्या पुढाकाराने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१६ मध्ये आला. दहा-पंधरा वर्षांतील मृत्यूंची संख्या शेकड्यांनी होती. ताप, सर्पदंश, बुडणे, आणि अनेक ठिकाणी कारण धड नोंदलेलेच नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्यानंतर राज्य सरकारला नोटीस पाठवली. ब्राइस यांचा १९०७ चा अहवाल आठवतो तो येथे. मूल का गेले, याची नोंद नसणे ही मुलाकडे पाहण्याची एक पद्धत असते. घरातले मूल गेले तर घर कारण विसरत नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका आश्रमशाळेतील मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. शाळेच्या तपासणीत नव्हे, तर दिवाळीच्या सुट्टीत मुली जळगाव जिल्ह्यातल्या आपल्या घरी आल्या तेव्हा. घरी आल्यावरच त्या बोलू शकल्या. शाळा आणि घर यांतील अंतराविषयी मी याहून अधिक काही लिहू शकत नाही.

दुसरी वाट कुणी पाहिलीच नव्हती असे नाही. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले की वारली मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलाला शाळेच्या वेळेत बसवायचे नाही, शाळेनेच मुलाच्या वेळेत बसायचे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नर्मदाकाठी, सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत आंदोलनाने जीवनशाळा काढल्या. तिथे शिकवणारे गावचेच, भाषा मुलांची, विषयांत जंगल, नदी आणि जमिनीचे कायदे. धरणाचे पाणी चढले तेव्हा काही शाळाही बुडाल्या आणि लोकांनी त्या वर सरकवून पुन्हा बांधल्या. या शाळांतील मुले बाहेरच्या परीक्षांना बसली, खेळांच्या स्पर्धांत गेली. सरकारी धोरण मात्र अजून उलट्या दिशेने जाते : आदिवासी मुलांना शहरांतील 'नामांकित' इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवण्याची योजना, आणि केंद्राच्या एकलव्य निवासी शाळांचा विस्तार. म्हणजे मूल आणखी दूर. त्यातून इंजिनिअर घडतील, घडोत. पण ज्याच्याशी पावरीत बोलावे असे घरात कुणी उरले नाही, तर ती भाषा पुढच्या पिढीत कोण बोलेल?

भारतीय राज्याने आदिवासींविषयी काहीच कबूल केलेले नाही, असेही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत, वनात राहणाऱ्या आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाला, हे शब्द आहेत. माझ्या माहितीतल्या भारतीय कायद्यांत इतकी सरळ कबुली दुर्मीळ आहे. आणि ती कबुली नुसती राहिली नाही, तिच्यामुळे सातपुड्यात लोक वनपट्ट्यांचे दावे घेऊन प्रांत कार्यालयापर्यंत जाऊ लागले, दावे फेटाळले गेले तर कारण विचारू लागले. 'अन्याय' हा शब्द कायद्यात असल्यामुळे त्यांच्या बोलण्याला आधार आला. माफी ही भावनेची बाब आहे, तिने काय होते, असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

मात्र ती कबुली जमिनीपुरती आहे. बालपणाविषयी तशी ओळ कुठेच नाही. १९२४ च्या सतराव्या कलमाविषयी नाही, सोलापूरच्या कुंपणातल्या शाळेविषयी नाही, आश्रमशाळांत गेलेल्या मुलांच्या मृत्यूंविषयी नाही. कॅनडाच्या आयोगाने माफीनंतर वर्षानुवर्षे गावोगाव फिरून हजारो माणसांचे म्हणणे नोंदवले आणि मग ९४ कृती सुचवल्या. त्यांतल्या बऱ्याच अजून अपुऱ्या आहेत, तिथले आदिवासी नेतेच तशी तक्रार करतात. पण म्हणणे नोंदवले गेले. आपल्याकडे लक्ष्मण माने, लक्ष्मण गायकवाड यांसारख्यांनी आपापले आयुष्य स्वतः लिहिले म्हणून आपल्याला विमुक्त-भटक्यांचे जग थोडे कळले. राज्याने त्यांना कधी समोर बसवून विचारले नाही.

काही जण म्हणतील, चुका इंग्रजांच्या, माफी आपण का मागायची? १९४९ पर्यंतचे इंग्रजांच्या खाती टाकता येईल, कोपरगावच्या विहिरी पेशवाईच्या खाती. पण आश्रमशाळांच्या हजेरीपटावर सही आपल्याच माणसाची आहे.

म्हणून आता एक विनंती. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, धडगाव, अक्कलकुवा या भागांतील आश्रमशाळांत १९७० आणि १९८० च्या दशकांत शिकलेले कुणी तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्याशी सवडीने बोला. त्यांचे घरचे नाव काय होते आणि शाळेत कोणते झाले, पहिले किती दिवस वर्गातले काही कळत नव्हते, सुट्टी कधी मिळे, आजारी पडल्यावर कोण घरी कळवी, त्यांच्याबरोबर शाळेत आलेले पण परत न गेलेले कुणी होते का, हे विचारा. त्यांची परवानगी असेल तरच लिहून घ्या, नावे गाळा. शाळेविषयी ते कृतज्ञतेने बोलले तर तेही तसेच लिहा, कापू नका. मला खाली कळवले तरी चालेल. पुढचा धागा मुनशी समितीवर लिहायचा बेत होता, तो थोडा पुढे ढकलतो. आधी या नोंदी.